डक्टच्या दारामागे

परळ, २२ ऑगस्ट २०१८. सकाळची वेळ. क्रिस्टल टॉवरच्या बाराव्या मजल्यावर आग लागली आणि वरची माणसं धुरात अडकली. दहा वर्षांच्या एका मुलीनं शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला सांगितलं. शाळेत शिकलेलं तिला ऐन वेळी आठवलं. चौघे मात्र वाचले नाहीत.

आग एका मजल्यावर लागते, पण धूर तिथे थांबत नाही. वाट मिळेल तिथून तो वर चढतो, आणि अशी वाट जवळजवळ प्रत्येक इमारतीत असते.

जिन्याशेजारचं हे अरुंद दार उघडूया. हा इलेक्ट्रिकल डक्ट. मीटर रूमपासून शेवटच्या मजल्यापर्यंतच्या वायरी इथूनच जातात. दर मजल्याच्या स्लॅबपाशी वायरींभोवतीची फट आगरोधक मालानं बुजवलेली हवी. टॉर्च मारून वर बघा. फटी उघड्याच आहेत, उजेड थेट वरच्या मजल्यांपर्यंत जातो. इंटरनेटवाला येतो, भोक पाडतो, केबल ओढतो आणि निघून जातो. ते भोक बुजवायचं कुणाच्या लक्षातही येत नाही. खाली रद्दीचे गठ्ठे, रंगाचे अर्धे डबे. वायरींच्या डक्टची अडगळीची खोली झाली, यासारखा धोका नाही.

आता पंपरूम. हा छोटा पंप म्हणजे जॉकी. पाइपांतला दाब कायम राखायचं काम याचं. कुठे हायड्रंट, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा मोठा नळ, उघडला की दाब झपकन उतरतो, जॉकीला तो भरून काढता येत नाही, आणि मुख्य पंप आपोआप सुरू होतो. वीज गेलेली असेल तर शेजारचा डिझेल पंप. पण पॅनेलवरचा हा स्विच ‘ऑटो’वर असेल तरच. कुठेतरी गळती असते, जॉकी सारखा चालू-बंद होतो, रात्री आवाजाची तक्रार येते, आणि कुणीतरी स्विच ‘मॅन्युअल’वर फिरवून ठेवतं. टाकी भरलेली, लाल पाइप नुकतेच रंगवलेले, आणि आगीच्या वेळी पंप सुरू करायला माणूस खाली धावत यायला हवा!

स्प्रिंकलरला, म्हणजे आगीवर पाणी फवारणाऱ्या छतातल्या तोटीला, लोक उगाच घाबरतात. एक उडाला की सगळे उडतील, घर पाण्यात जाईल, असं वाटतं. तसं होत नाही. ही लाल काचेची नळी साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते, आणि जिथली फुटली तिथलंच पाणी सुटतं.

जिन्याचं फायर डोअर आपोआप मिटायला हवं. इथे त्याला वीट लावली आहे, हवा खेळावी म्हणून. त्याच वाटेनं धूर जिन्यात शिरतो.

महाराष्ट्रात २००६ च्या कायद्यानं ही सगळी यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकावर आणि वापरणाऱ्यावर टाकली आहे. जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून ‘बी फॉर्म’, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, घ्यावा लागतो. बऱ्याच सोसायट्यांत तो फाइलला लागतो आणि विषय संपतो.

पुढच्या वेळी एजन्सीचा माणूस आला की त्याच्याबरोबर गच्चीवर जा. सगळ्यात वरचा हायड्रंट उघडायला लावा. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे तिथे किमान साडेतीन बार दाब हवा. गेजचा काटा स्वतः बघा, पंप आपोआप सुरू झाला का ते वॉचमनला फोनवर विचारा, आणि मगच तो फॉर्म हातात घ्या.