कुठे जळलं?

नमस्कार श्रोतेहो.

माझी काकू खारेपाटात राहते. पेण-अलिबागच्या मधली ही भातजमीन खाडीच्या पातळीला आहे, बांध आहे म्हणून पीक आहे. मी मुंबईत राहते, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. चार वर्षांपूर्वी जुलैच्या उधाणात गावाच्या बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड पडली. बांध खचलाय हे गावाने आधीच दोनदा लेखी कळवलं होतं, तरी पावसाळ्याआधी डागडुजी झाली नाही. मी रविवारी पोचले तेव्हा खारं पाणी दोन दिवस शेतात राहून ओहोटीबरोबर उतरलं होतं. बांधावर उभी राहून मी अंदाज करत होते, निम्मं पीक गेलं असेल की जास्त?

काकू गुडघाभर चिखलात उतरली होती. मला म्हणाली, "बाय, किती जळलं ते मग बघू. कुठे जळलं ते बघ."

तिनं एक रोप उपटून माझ्या हातात दिलं. खालची जुनी पानं टोकापासून पांढरी पडून सुकत चालली होती. मधला पोगा, म्हणजे नवं गुंडाळलेलं पान, मात्र हिरवागार. "पोगा जिता आहे ना, मग रोप जितं आहे. गोडा पाऊस लागला की उठेल." आणि खरंच, त्या खाचरातलं तिचं राता हे जुनं गावठी भात उठलं. शेजारच्या खाचरात बाजारातून आणलेलं बियाणं होतं. तिथे पोगाच करपला होता, ते पीक गेलं.

वर्गात मी मुलांना शिकवते की भात हे मिठाच्या बाबतीत नाजूक पीक आहे, त्यातही रोप लहान असताना आणि फुलोऱ्यात. सोडियम आत शिरलं की सोसणारं रोप ते जुन्या पानांत ढकलतं, कोवळा गाभा वाचवतं. हे मला पाठ होतं. पण त्या दिवशी चिखलात उभं राहून कळलं, की काकूचा प्रश्न माझ्या प्रश्नाहून शहाणा होता. आज जगभरातल्या प्रयोगशाळा हाच प्रश्न विचारायला लागल्या आहेत. रोप किती सोसतं यापाशी न थांबता, रोपाच्या कुठल्या भागात, कुठल्या थरात, नेमक्या कोणत्या पेशीत ते सोसणं घडतं, हे शोधलं जातंय. त्याबद्दल आज बोलायचं आहे.

पेशीला आपण पेशी म्हणतो, पण रॉबर्ट हूकने 1665 साली बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा त्याने 'सेल' हा जो शब्द वापरला त्याचा अर्थ होतो छोटी खोली. मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. भाताचं मूळही अशाच खोल्यांचं बनलेलं असतं. सगळ्यांत बाहेर मूलरोमांचा थर, त्याच्या आत आणखी थर, मग अंतस्त्वचा नावाची आतली भिंत, आणि मधोमध पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या आणि अन्न वाहून नेणाऱ्या रसवाहिन्या.

या प्रत्येक खोलीत जनुकांची पोथी तीच असते. भाताची ही पोथी 2005 साली नीट वाचून झाली. त्या आंतरराष्ट्रीय कामात भारतही होता, अकराव्या गुणसूत्राचा एक भाग आपल्या शास्त्रज्ञांनी वाचला. पण पोथी एकच असली तरी प्रत्येक पेशी त्यातली आपल्या कामाची पानं तेवढी उघडते. जे पान उघडलं त्याची नक्कल काढली जाते, तिला आरएनए म्हणतात. कोणत्या पेशीत कोणत्या नकला आहेत हे कळलं, की ती पेशी त्या घडीला काय करतेय ते कळतं.

आतापर्यंतची अडचण अशी होती. मुळाचा अभ्यास करायचा म्हणजे मूळ द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायचं, खलबत्त्यात कुटायचं आणि त्या भुकटीतला आरएनए मोजायचा. मीही हेच केलंय. पण वाटणाची चव घेऊन मिरची आहे एवढं कळतं, कुठली मिरची तिखट होती ते कळत नाही. मुळातल्या हजारो पेशींपैकी मूठभर पेशी जीव तोडून मिठाशी झगडत असतील, तर त्यांचा आवाज बाकीच्यांच्या सरासरीत बुडून जातो.

आणि या मूठभर पेशींवरच सगळं अवलंबून असतं, हे एका जनुकाने फार स्पष्ट दाखवून दिलं. त्याच्याजवळ जरा थांबू या.

बंगालकडे 'नोना बोकरा' नावाचं एक जुनं भात आहे. नोना म्हणजे खारट. आपल्याकडे जसा काळा राता, भुरा राता, केरळात जशी पोक्कळी, तसंच ते. 2005 मध्ये या नोना बोकऱ्यातून एक जनुक हाती लागलं. त्यातून बनणारं प्रथिन एचकेटी या कुळातलं. त्याचं काम एका जागी चालतं. जलवाहिनीतून पाणी वर चढतं, त्याच्यासोबत सोडियमही चढू लागतं. वाहिनीला लागून ज्या पेशी बसलेल्या असतात, त्यांच्या दारात हे प्रथिन उभं असतं. वाहत्या पाण्यातलं सोडियम ते ओढून परत मुळात घेतं, पानापर्यंत जाऊ देत नाही.

मग ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये एक फार साधा, पण निर्णायक प्रयोग केला. ॲराबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातली छोटी वनस्पती, प्रयोगशाळांची लाडकी. तिच्यात याच कुळातलं जनुक त्यांनी फक्त मुळाच्या गाभ्यातल्या पेशींत जोराने चालवलं. पानांतलं सोडियम 37 ते 64 टक्क्यांनी घटलं. तेच जनुक संपूर्ण रोपात, सगळ्या पेशींत चालवलं तेव्हा पानांत सोडियम उलट वाढलं आणि रोपं खुरटली. जनुक तेच, काम तेच. योग्य खोलीत असेल तर तारतं, घरभर सोडलं तर मारतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काकूचा चिखलातला आवाज ऐकू आला.

याच कुळातलं जनुक गव्हाच्या एका जुन्या नातेवाईकाकडून साध्या संकरातून ड्युरम गव्हात आणलं, तेव्हा खाऱ्या शेतात उत्पादन 25 टक्क्यांपर्यंत वाढलं. हे 2012 मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा हे सगळं कागदावरचं आहे असं म्हणू नका.

आता एकेका पेशीचं ऐकायचं कसं? आधी पेशी सुट्ट्या कराव्या लागतात. प्राण्याच्या पेशी तुलनेने सहज सुटतात. वनस्पतीची पेशी मात्र भिंतीत कोंडलेली, शेजारणीला घट्ट चिकटलेली. म्हणून मुळाची टोकं ब्लेडने बारीक कापून सेल्युलेज आणि पेक्टिनेज या विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, द्रावणात ठेवतात. तास-दोन तासांत भिंती विरघळतात आणि उघड्या पेशी बाहेर येतात. एम.एस्सी.च्या मुलांसोबत मी हे दरवर्षी करते. सूक्ष्मदर्शकाखाली बघाल तर भिजलेल्या साबुदाण्यासारख्या गोल, चकचकीत. एका वर्षी द्रावणात मॅनिटॉल घालायचं राहिलं. मॅनिटॉल ही एक प्रकारची साखर, ती बाहेरच्या पाण्याचा जोर सांभाळते. ती नव्हती, भिंतही नव्हती, त्यामुळे पेशींनी पाणी ओढून घेतलं आणि आमच्या डोळ्यांदेखत एकेक करून फुटल्या. सकाळभराची मेहनत गेली. पण पेशीला भिंत कशाला लागते आणि खारं पाणी बाहेर उभं राहिलं की उलट दिशेने काय होतं, ते त्या वर्गातलं एकही मूल विसरलं नसेल.

पेशी सुट्ट्या झाल्या की यंत्र एकेक पेशी तेलातल्या एकेका पाण्याच्या थेंबात कोंडतं. 2015 पासून ही रीत रूळली. थेंबात एक सूक्ष्म मणी असतो, त्याच्यावर त्या थेंबापुरती खूण. पेशी फुटते, तिच्या सगळ्या नकलांवर ती खूण उमटते, आणि मग हजारो पेशींचा माल एकत्र ओतून वाचला तरी चालतं. आपल्या डबेवाल्यांची रीत आठवा. लोकलच्या डब्यात सगळ्या घरांचे डबे एकावर एक रचलेले असतात, पण झाकणावरच्या खुणेने कोणता कुठला ते कळतं.

2019 मध्ये एकापाठोपाठ एक प्रयोगशाळांनी ॲराबिडॉप्सिसच्या मुळाचे असे नकाशे काढले. 2022 पर्यंत एका नकाशात एक लाख दहा हजारांहून जास्त पेशी आल्या होत्या. भाताच्या मुळाचेही नकाशे निघाले.

पण यात एक खोट आहे. सुट्टी केलेली पेशी आपला पत्ता विसरते. शिवाय विकरांत पडल्यावर ती बिथरते, तेव्हा जे ऐकू येतं त्यात तिचं दुखणं किती आणि मिठाचं किती, हे वेगळं काढावं लागतं. म्हणून काही जण फक्त पेशीकेंद्रकं वेगळी करून वाचतात. आणि काही जण पेशी हलवतच नाहीत. मुळाचा किंवा पानाचा पातळ काप घेऊन खुणांचं जाळं असलेल्या काचेवर ठेवायचा, म्हणजे नक्कल जिथून निघाली तिथला पत्ता तिच्यावर चढतो. ही रीत 2016 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी मांडली, पुढच्याच वर्षी ती वनस्पतींवर आली. माझ्या मते या सगळ्या कामाचा खरा जीव इथे आहे. पत्ता नसलेली माहिती कितीही बारीक असली तरी अर्धीच.

भातावरचं जे काम मला सर्वांत जवळचं वाटतं ते 2025 मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलं. आजवर बहुतेक प्रयोगांत मुळं काचेच्या थाळीत, स्वच्छ जेलमध्ये वाढवलेली असायची. या गटाने भाताची मुळं मातीत वाढवली, नंतर घट्ट दाबलेल्या मातीतही, आणि पेशीपेशीचं आणि जागेचं वाचन केलं. मातीत आल्यावर सर्वांत जास्त बदलले ते मुळाचे बाहेरचे थर. माती घट्ट झाली तेव्हा आतल्या वाहिन्यांच्या भागातून ॲब्सिसिक आम्लाचा, म्हणजे रोपाच्या ताणाच्या संप्रेरकाचा, निरोप बाहेर गेला, आणि बाहेरच्या थराने लिग्निन आणि सुबेरिनचा अडसर उभा केला, पाणी निसटू नये म्हणून. लिग्निन म्हणजे लाकडाला कठीणपणा देणारं द्रव्य, सुबेरिन म्हणजे बुचातलं द्रव्य. हूकने पाहिलेल्या खोल्यांच्या भिंतींत हेच सुबेरिन होतं.

आता मुंबईचं बघा. मुलुंड-भांडुपची मिठागरं आपण लोकलच्या खिडकीतून बघत मोठे झालो. ऐरोलीला खाडीकाठच्या जैवविविधता केंद्रात गेलात तर तिवराचं एक पान उन्हात निरखून बघा. पानावर मिठाचे कण चमकतात. तिवराची मुळं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात, आणि जे आत येतं ते पानावरच्या मोजक्या पेशींच्या ग्रंथी बाहेर टाकतात. संबंध पानात तेवढ्याच पेशींना ती कला येते. भाताला त्या ग्रंथी नाहीत. पण मीठ कुठे अडवावं याचं उत्तर खाडीच्या काठावर उभं आहे, आणि ते पेशीच्या पातळीवर वाचायची साधनं आज आहेत.

मला खंत याची वाटते, की नकाशे निघतात ते बहुतेक ॲराबिडॉप्सिसचे किंवा जगभर वापरल्या जाणाऱ्या दोन-चार भातांचे. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी पनवेल-1, 2, 3 अशी वाणं दिली, ती शेतकऱ्यांनी पेरली, त्यामागे वर्षानुवर्षांची निवड आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने भुईमुगाची वाणं देऊन शेतीला केवढा हात दिला. माणसं आहेत, जमीन आहे, राता अजून काही घरांच्या कणगीत आहे. त्या रात्याच्या मुळातल्या पेशी उधाणाच्या पाण्यात काय करतात, हे मुंबईपासून दोन तासांवरच्या चिखलात बसून बघितलं पाहिजे. थाळीतल्या जेलमध्ये ते दिसायचं नाही.

मे 2025 मध्ये सरकारने जनुक-संपादन केलेली भाताची दोन वाणं जाहीर केली. त्यातलं पुसा डीएसटी राइस 1 हे एमटीयू 1010 या वाणात दुष्काळ आणि मीठ सोसण्याशी जोडलेलं डीएसटी नावाचं जनुक बंद करून बनवलं आहे. हे जनुक पानावरची छिद्रं उघडण्या-मिटण्याशी निगडित आहे, म्हणजे इथेही गोष्ट शेवटी छिद्राच्या दोन्ही बाजूंच्या पेशींपाशी येते. अशा वाणांची परीक्षा खारेपाटासारख्या जमिनीत, बांध फुटलेल्या वर्षी, शेतकऱ्यांच्या देखत व्हावी असं मला मनापासून वाटतं. आणि बांध वेळेवर बांधला जावा, हेही. पेशी कितीही शहाणी असली तरी दोन-दोन दिवस समुद्रात उभी राहणं तिचं काम नाही.

यंदा जूनमध्ये काकूने मोड आणलेलं रात्याचं बी फेकलं, आमच्याकडे त्याला रहू म्हणतात. मी एक मूठ बी मागून घेतलं. माझ्या विद्यार्थ्यांनी ते कुंड्यांत लावलंय, अर्ध्यांना गोडं पाणी, अर्ध्यांना खाडीचं पाणी मिसळून. आमच्याकडे थेंबांचं यंत्र नाही. ब्लेड आहे, साधा सूक्ष्मदर्शक आहे, सुबेरिनला रंग देणारं द्रव्य आहे. मुळाचे काप घेऊन आम्ही बघतोय, बुचाचा थर कुठल्या भागात आधी चढतो आणि खाऱ्या पाण्यात तो टोकाच्या किती जवळ येतो.

श्रोतेहो, तुमच्यापैकी ज्यांचं भात आहे त्यांनी आवणीआधी एखादं रोप उपटून, धुऊन हातात धरून पाहा. जुनी मुळं गंजासारखी तांबूस दिसतील, टोकं पांढरी असतील. मुळातून बाहेर झिरपलेल्या हवेने चिखलातलं लोह मुळावर गंजलेलं असतं, कोवळ्या टोकावर अजून ते साचलेलं नसतं. तांबूस कुठे संपतं आणि पांढरं कुठे सुरू होतं, ती जागा बोटाने चाचपून बघा. काकूला मी हे सांगितलं तेव्हा तिने चष्मा लावला आणि पुढची दहा रोपं स्वतःच उपटून बघितली.

नमस्कार.