लोलाबाईंचा पब

मंडळी, मला विषय दिला होता 'इंग्लंडमधलं वास्तुजतन'. मी तो थेट पबमध्ये नेऊन बसवणार आहे. पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांनी काळजी करू नये, आपण तिथे मुख्यतः छप्पर बघायला जातोय. 'मुख्यतः' म्हटलंय मी.

वूस्टरशरमध्ये ईव्हशॅम गावाजवळ ब्रेटफोर्टन नावाचं खेडं आहे. तिथे चौकातच 'द फ्लीस इन' उभा आहे. मूळचं हे पंधराव्या शतकातलं शेतकऱ्याचं घर, माणसं आणि जनावरं एकाच लांब छपराखाली. लाकडाची काळी चौकट, मध्ये कुडाच्या भिंती आणि वर शाकारलेलं छप्पर. कोकणातल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. कूड म्हणजे कूडच, काठ्या विणायच्या आणि माती लिंपायची. आमच्या आजोळच्या गोठ्याची भिंत आणि ही भिंत यांत फरक एवढाच, की हिला सरकारी संरक्षण आहे.

1848 साली त्या शेतकऱ्याच्याच बर्ड घराण्यातल्या एकाने घरात दारूचा परवाना घेतला आणि घराचा पब झाला. घराणं मात्र तेच राहिलं. शेवटची वंशज म्हणजे लोला टॅपलिन. लग्न नाही, मूलबाळ नाही. बाई एकटी पब चालवायची. 1977 साली त्याच घरात, शेकोटीसमोर तिने प्राण सोडला. मृत्युपत्र उघडलं तर पब नॅशनल ट्रस्टच्या नावावर. ही संस्था 1895 पासूनची, राजवाडे आणि बागा सांभाळणारी. आता तिच्या पदरात गिऱ्हाइकांसकट एक चालता पब पडला.

इथे खरी पंचाईत सुरू होते. राजवाडा सांभाळणं सोपं असतं हो. दोऱ्या बांधायच्या, 'हात लावू नये' अशी पाटी लावायची, तिकीट फाडायचं. पबला दोरी कशी बांधणार? तिथे माणसं टेकतात, सांडतात, चिखलाचे बूट घेऊन येतात, कुत्रं शेकोटीपाशी लोळतं. आपल्याकडे पुण्यात वाडा पडतो आणि नाव तेवढं इमारतीच्या कमानीवर राहतं. दुसरीकडे एखादा वाडा वाचतो, पण त्यात चूल पेटत नाही. ट्रस्टने इथे दोन्ही टाळलं. पब पबच ठेवला.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दारातच कपाळ आपटलं. आत फरशीवर शेकोटीसमोर खडूने काढलेली पांढरी वर्तुळं दिसली. धुराड्यातून चेटकीण उतरू नये म्हणून ही काढायची, अशी तिथली जुनी रीत. आपली उंबऱ्यातली रांगोळी कुणी यावं म्हणून असते, ही कुणी येऊ नये म्हणून. शेजारच्या खोलीत मांडणीवर कथलाची जुनी ताटं उभी लावलेली आहेत. ती सतराव्या शतकातल्या यादवीत क्रॉमवेल या सेनापतीच्या सैन्याने मागे टाकली अशी दंतकथा आहे. सांगणाऱ्याला मोडता घालू नये. तो खुशीत असला तर आणखी दोन ऐकायला मिळतात.

मग मी बारपाशी गेलो. तिथे कुणी टेबलाशी विचारायला येत नाही, आपणच उठायचं. मी 'थंडगार बिअर' मागितली. शेजारचे म्हातारबा माझ्याकडे असे बघायला लागले, की मी पंगतीत वरणभातावर टोमॅटो सॉस मागितलाय.

आता तळघरात चला. इथली बिअर म्हणजे 'रिअल एल'. ती म्हणजे काय? सातूला मोड आणायचे, भाजायचे, पाण्यात उतरवायचे, हॉप्सची कडू फुलं घालून उकळायचं आणि आंबवायचं. इथवर सगळ्या बिअरी सारख्याच. पण कारखान्यातली बिअर गाळून, मारून, वायू भरून पाठवतात. रिअल एल जिवंत पाठवतात. यीस्ट पिंपातच असतं, पबच्या तळघरात आंबणं चालूच राहतं. लोणचं बरणीत मुरावं तसं. तळघर बारा अंशांच्या आसपास, त्यामुळे ती गारही नसते आणि कोमटही नसते. वर बाहेरचा वायू सोडायचा नाही. बारवरचा लांब लाकडी दांडा हाताने ओढायचा, की खालून बिअर चढते. दोनअडीच ओढींत ग्लास भरतो. आधी सगळं ढगाळ दिसतं, मग तळापासून वर हळूहळू तांबूस नितळ होत जातं. तो अर्धा मिनिट ग्लासाला हात लावायचा नाही, हे मला म्हातारबांनीच शिकवलं.

ती नितळ कशी होते? पारंपरिक पद्धतीत माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा अर्क घालतात, तो यीस्टला तळाशी बसवतो. आपले कोळी बांधव घोळीचा 'बोत' सोन्याच्या भावाने विकतात ना, तीच जात. शाकाहारी मंडळींनी याची नोंद घ्यावी. हल्ली माशाविनाही करतात, विचारायला लाजू नये.

आता जरा हिशोब. छोटं पिंप नऊ गॅलनचं, त्यात 72 पाइंट, म्हणजे 72 मोठे ग्लास. एकदा उघडलं की हवा शिरते आणि तीन दिवसांत चव उतरते. म्हणजे गावच्या पबला एका बिअरचे रोज 24 ग्लास खपायलाच हवेत, नाहीतर उरलेली मोरीत. मी दुसऱ्या एका सुंदर, झगझगीत दुरुस्त केलेल्या पबात आंबलेली बिअर प्यायलोय. भिंती अस्सल, गिऱ्हाईक नाही. 1971 साली कारखानी बिअरला कंटाळून चार तरुणांनी आयर्लंडच्या सहलीत 'काम्रा' ही रिअल एलची चळवळ सुरू केली. तिने बिअर वाचवली म्हणतात, पण बिअर वाचवायची तर तळघर हवं, बार हवा, संध्याकाळी येणारी माणसं हवीत. म्हणून ती मंडळी पबांच्या आतल्या जुन्या खोल्यांच्याही याद्या करत बसतात.

खाण्याचं म्हणाल तर पाव, चीज आणि लोणच्याचा तो 'नांगऱ्याचा जेवणडबा', प्लाउमन्स लंच, फार पुरातन वाटतो. त्या नावाने तो घरोघरी पोचला 1950-60च्या दशकांत, चीज खपवणाऱ्यांच्या जाहिरातींनी. खरं जुनं म्हणाल तर तिथला अ‍ॅस्परॅगस, आपल्या शतावरीच्या कुळातला. ईव्हशॅमचं खोरं त्यासाठीच प्रसिद्ध. एप्रिलच्या अखेरीपासून जूनपर्यंत हंगाम. 'फ्लीस'च्या आवारात त्याच्या जुड्यांचा लिलाव होतो. लोणी आणि मीठ, बाकी काही नको.

2004च्या फेब्रुवारीत छपराने पेट घेतला. धुराड्यातली ठिणगी पडली असं मानतात. शाकारलेलं छप्पर पेटलं की विझवणं फार अवघड. लोकांनी आधी ती कथलाची ताटं बाहेर काढली. वरचा भाग गेला, खालच्या खोल्या बऱ्याचशा वाचल्या. मग लाकूड लाकडाने आणि गवत गवतानेच, असं पुन्हा उभं करून 2005च्या जूनमध्ये पब उघडला. काचेच्या पेटीत जळकी तुळई ठेवून संग्रहालय करता आलं असतं. त्यांनी पिंपं आणली.

एक राहिलं. त्या पहिल्या भेटीत मी बिअरसोबत बटाट्याचे वेफर्स मागितले. म्हातारबा पुन्हा वळले. लोलाबाईंना पबात वेफर्स खपत नसत. पब देताना तशी अटच घातली होती, असं गावात सांगतात. मी म्हटलं, "अहो, पण बाई जाऊन इतकी वर्षं झाली!" त्यांनी शेकोटीकडे बोट केलं आणि म्हणाले, "हळू बोल. तिथेच बसायची ती."

मी शेंगदाणे घेतले.