मावा बसतो, पण टिकत नाही: खरबुजातला व्हॅट जनुक

मंडळी, खरबुजाच्या पानामागे मावा दिसला की आपला हात आधी फवारणीच्या पंपाकडे जातो. आज बोलायचं आहे ते त्याआधीच्या निर्णयावर, म्हणजे बियाण्यावर.

खरबुजावरचा मुख्य मावा म्हणजे एफिस गॉसिपी. कपाशी-भेंडीवर दिसणारी जात तीच, फक्त तिच्यात पिकागणिक वेगळी कुळं पडली आहेत. त्याला अडवणारा व्हॅट नावाचा जनुक खरबुजातच सापडला. त्याचे दोन प्रसिद्ध स्रोत आहेत: कोरियातलं पीआय 161375 (पीआय म्हणजे अमेरिकेच्या बियाणे-संग्रहातला नोंद क्रमांक) आणि आपल्या भारतातून गेलेल्या बियाण्यापासून निघालेलं पीआय 414723. फ्रान्समधल्या कृषी संशोधकांनी यावर बरंच काम केलं.

काम कसं चालतं? मावा सोंड खुपसतो, झाड त्याची लाळ ओळखतं, आणि टोचलेल्या जागी पेशींच्या भिंतींवर कॅलोजचा, म्हणजे झाडच बनवतं अशा एका कर्बोदकाचा, लेप चढतो. माव्याला रस धड मिळत नाही, तो सोंड काढून पानावर भटकत राहतो. पिल्लंही कमी होतात. शिवाय त्याच्या सोंडेतून आलेला काकडीवर्गीय मोझॅकचा विषाणूही तिथेच अडतो. फवारणीला हे जमत नाही, कारण असे विषाणू काही सेकंदांच्या टोचणीतच पानात उतरतात. औषधाने मावा मरेपर्यंत उशीर झालेला असतो.

आता गोम. व्हॅट विषाणूला नाही, या एका माव्याला ओळखतो. तोच विषाणू मायझस पर्सिकी, म्हणजे हिरव्या माव्याने आणला, किंवा शेंडा खुडताना तुमच्या हाताला लागून आला, तर झाड आजारी पडतंच. म्हणून भिंग घ्या. बिनपंखी माव्याच्या पाठीमागे दोन नळ्या दिसतात: काळ्या असतील तर गॉसिपी, अंगाच्याच फिकट हिरव्या रंगाच्या असतील तर बहुधा मायझस. पंखवाल्यांत ही ओळख फसते.

रोपवाटिकेत चाचणी सोपी आहे. रोप एक-दोन खऱ्या पानांवर आलं की प्रत्येक रोपावर 10 बिनपंखी प्रौढ माद्या ब्रशने हळूच सोडा आणि दोन दिवसांनी किती टिकल्या ते मोजा; व्हॅट असलेल्या रोपावर कमी टिकतात. शेजारी नेहमीचं वाण तुलनेला ठेवाच, नाहीतर मोजणीला अर्थ नाही. ब्रश दाबला तर सोंड तुटते आणि निकाल खोटा येतो.

पाकिटावर 'एजी' हा संकेत शोधा, म्हणजे एफिस गॉसिपीला प्रतिकारक वाण. जनुक प्रभावी आहे, संकरात एका पालकाकडून आला तरी पुरतो. पण अशा संकरित फळाचं बी घरी धरलंत तर पुढच्या पिढीत साधारण चारातलं एक रोप व्हॅटविना निघेल.

माव्याची काही कुळं व्हॅट असलेल्या झाडावरही वाढतात. त्यामुळे सिल्व्हर मल्चिंग (चंदेरी प्लास्टिकचं आच्छादन) आणि क्रॉप कव्हर सोडू नका. कव्हर मादी फुलं दिसताच काढा, मधमाशी आत गेली पाहिजे. आणि एजी वाणावर पानं गुंडाळून चिकटा गळू लागला, तर ती झाडं खुणेची काडी लावून वेगळी ठेवा: तिथला मावा व्हॅटला न जुमानणाऱ्या कुळाचा असू शकतो.