आईच्या कष्टांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. आईच्या त्यागाबद्दल बोलताना आपला आवाज गहिवरतो. पण तिने नेमके काय सोडले, ती किती तास राबली आणि तिच्या कमाईतून घरातला कोणता खर्च भागला, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बऱ्याच जणांची पंचाईत होते.

मुंबईतला कापडगिरण्यांचा भाग, म्हणजे गिरणगावच घ्या. लालबाग-परळच्या चाळींतून कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार कुटुंबाविना राहत, आणि त्यांच्या जेवणाची सोय चाळीतलीच एखादी बाई महिन्याच्या बोलीवर करीत असे. पहिल्या पाळीच्या माणसांचे डबे भरून होतात न होतात तोच दुसऱ्या पाळीच्या माणसांची पाने मांडायची, आणि त्याच एका खोलीत, स्टोच्या आवाजात, तिची मुले पाढे पाठ करायची. गिऱ्हाइके पगार झाल्यावर पैसे देत, वाणी मात्र महिनाभर थांबायला तयार नसे; मधली तोंडमिळवणी व्याजाच्या पैशांवर चाले. जेवणाऱ्यांचे खाडे ती वहीत मांडून ठेवी. तिला स्वतःला खाडा करण्याची सोय नव्हती. अशा बायकांना संघटित करून सामाजिक कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे या कामाला व्यवसाय म्हणून पत मिळाली.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, अनेक जण गावी परतले, खानावळींची गिऱ्हाइकेही गेली. त्या काळात धुणीभांडी करून, पापड लाटून, शिवणकाम करून ज्यांनी मुलांची शाळा सुटू दिली नाही, त्यांच्याबद्दल संपाच्या इतिहासात फारसे लिहिलेले सापडत नाही. (नेत्यांबद्दल मात्र भरपूर आहे.)

आजही चित्र फार पालटलेले नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, तर पुरुषांची ९७. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात जेमतेम सव्वीस होते.

तेव्हा आई हयात असेल तर तिच्याजवळ बसून विचारावे की कोणता दागिना गहाण पडला, कोणती नोकरी सुटली, शिक्षण कुठे थांबले. आणि आणखी एक व्यवहाराची गोष्ट. चाळींच्या जागी आता टॉवर उभे राहत आहेत. भाडेपावती बहुधा वडिलांच्या नावे असते आणि नवे घरही त्याच नावाने पुढे मुलाकडे जाते. त्या घराच्या कागदपत्रांवर आईचे नाव कसे लावता येईल, याची चौकशी करार होण्यापूर्वीच करावी. करार झाल्यावर ते काम फार किचकट होते.