गार होतोय चहा

रविवारची सकाळ, गुरुवार पेठ. पुण्याची ही एक गंमतच आहे, पेठेच्या नावात वार असतो आणि आपण हमखास दुसऱ्याच वारी तिथे जातो. दुकानांची शटरं अजून खाली, एक भाजीवाला हातगाडी ढकलत चाललाय, आणि अचानक पंचहौद चर्चची घंटा सुरू होते. आमच्या साउंडवाल्या पोराने दचकून हेडफोनच काढले.

आत उपासना संपत आलीये. पाळकसाहेब हात वर करून आशीर्वाद देतात, प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती, पवित्र आत्म्याची सहभागिता. दर रविवारी हेच शब्द, सगळ्यांना पाठ, म्हणूनच कोणाचं फारसं लक्ष नसतं. माझंही नसायचं खरं सांगायचं तर, तोवर डोकं घरच्या मटणापर्यंत पोचलेलं असायचं.

तर हा व्हिडिओ त्यातल्या पहिल्याच शब्दावर आहे, कृपा.

आपण हा शब्द वापरतो कुठे बघा. जुन्या पत्रांच्या शेवटी, कृपा लोभ असावा. नाहीतर कोणी कसं काय विचारलं की देवाची कृपा, विषय संपला. पण रोजच्या जगण्यात आपली गाठ पडते ती मर्जीशी. साहेबांची मर्जी, घरमालकाची मर्जी, सोसायटीच्या सेक्रेटरीची मर्जी (ही सगळ्यात अवघड). मर्जी सांभाळावी लागते आणि ती कधी खप्पा होईल सांगता येत नाही. मग आपण तेच गणित उचलून देवालाही लावतो, आठवडाभर नीट वागलो, प्रार्थना केली, दशांश म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा चर्चला दिला, म्हणजे आता तो खूश असणार, आणि एखाद्या आठवड्यात काही चुकलं की पोटात गोळा. यात आनंद कुठून येणार, टेन्शनच येणार.

बायबलचा नवा करार, म्हणजे येशूनंतरचा भाग, मुळात ग्रीकमध्ये लिहिलाय. त्यातल्या लूकच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देवदूत येशूच्या आईकडे, मरीयेकडे येतो तेव्हा त्याचा पहिला शब्द आहे खैरे, म्हणजे आनंद कर, नमस्कारासारखाही वापरायचे तो, मराठीत आपण कल्याण असो वाचतो. आणि लगेच पुढे तो तिला कृपा पावलेली म्हणतो. गंमत म्हणजे ग्रीकमध्ये कृपा म्हणजे खारिस आणि आनंद म्हणजे खारा, दोन्ही एकाच धातूतले, सख्ख्या बहिणीच म्हणा. मराठीत आल्यावर त्यांची ताटातूट झाली.

आणि मरीयेने तोवर केलं काय होतं? लूक काहीच सांगत नाही. नासरेथ गावातली एक मुलगी, लग्न ठरलेलं, बस. शिवाय कृपा झाली म्हणून तिचं सगळं सुरळीत झालं असंही नाही, लग्नाआधी दिवस राहिले, बाळंतपणाला जागा मिळेना, बाळ गव्हाणीत ठेवावं लागलं. हल्ली कृपा म्हणजे फ्लॅट झाला, व्हिसा लागला अशा साक्षी स्टेजवरून ऐकू येतात ना, तेव्हा मला ही गव्हाण आठवते. फ्लॅट झाला तर आनंदच आहे हो, पण नाही झाला त्याने काय समजायचं?

आता पुण्याकडे येऊ. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 ला इंग्लंडमध्ये झाला. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी, समजून उमजून घेतलेला निर्णय. पण त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलंय की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी त्यांना हे उमगलं की आपल्याला हवाय तो स्वतः ख्रिस्त, नुसता त्याचा धर्म नाही, आणि मग मन निवांत झालं. म्हणजे 1891 च्या आसपास. त्यांची विधवा मुलींसाठीची शाळा, शारदा सदन, मुंबईहून पुण्यात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. आणि 1893 ला याच पुण्याची मर्जी खप्पा झाली, मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतायत म्हणून पेपरातून टीका, सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले, पालक येऊन मुलींना घेऊन गेले. रमाबाई थांबल्या नाहीत. पुढे दौंडच्या वाटेवर केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली तिथे वाढल्या, छापखान्यात टाईप जुळवायला शिकल्या, आणि रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या, ते अगदी 1922 मध्ये जाईपर्यंत. शहराच्या मर्जीवर जगणाऱ्या बाईला हे झेपलं असतं का, मला नाही वाटत.

आणि हे पंचहौद म्हणजे तेच हं, चहावालं. 1890 मध्ये इथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये पुण्यातली बडी मंडळी जमली, टिळक होते, रानडे होते, सगळ्यांपुढे चहा आणि बिस्किटं आली. काहींनी घेतला, काहींनी नुसता हात लावला. गोपाळराव जोश्यांनी (डॉ. आनंदीबाईंचे पती) नावं पेपरात दिली आणि ख्रिस्त्यांकडचा चहा घेतला म्हणून पुण्यात वादळ झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, शेवटी प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एका कपाची केवढी किंमत! तो वाद जातीधर्माचा होता, मान्य, पण फुकट पुढे आलेलं निवांतपणे घेणं माणसाला किती जड जातं ते मला त्यात दिसतं.

कारण माझंही त्या दिवशी तेच झालं. उपासनेनंतर बाहेर एक आजी अल्युमिनियमच्या मोठ्या किटलीतून चहा ओतत होत्या, रिटायर्ड नर्स, पांढरी सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, कप कोणता कान तुटलेला कोणता बशी नसलेला. शूटिंगवाल्यांना आधी द्या म्हणाल्या. मी म्हटलं, आजी, आम्ही तुमचे कोणी नाही, काही मदत केली नाही, थांबा निदान कप तरी विसळून देतो. मी बाही वर करायला लागलो.

आजींनी माझ्याकडे बघितलं, मग कपाकडे. साय धरायला लागली होती.

"नंतर विसळ रे बाबा. आधी पी. गार होतोय."