उमरग्याच्या रस्त्यावरची विमानं

(दृश्य: सोलापूर–हैदराबाद महामार्ग, नळदुर्गचा किल्ला)

१३ सप्टेंबर १९४८. सोलापूरकडून निघालेलं भारतीय सैन्य हैदराबादच्या निजामाच्या हद्दीत शिरलं. बोरी नदीवरचा नळदुर्गचा पूल उडवायच्या आधीच हाती लागला आणि तळ उमरग्याला पडला. पुढं राजेश्वरच्या वाटेवर निजामाची माणसं दबा धरून बसल्याचं टेहळणीत दिसलं. मग टेम्पेस्ट आली. पुढं पंखा, आत एकटा वैमानिक, अशी ही लढाऊ विमानं. त्यांनी मारा करून वाट मोकळी केली.

निजामाकडं आकाशातून उत्तर द्यायला काहीच नव्हतं. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री शस्त्रं आणून बीदरला उतरवायचा, तेवढंच. १७ तारखेला निजाम शरण आला.

(दृश्य: उमरगा, हाटेलातला टीव्ही)

पाच दिवसांत फत्ते! निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा जाच ज्या घरांनी सोसला, त्यांना ती विमानं देवासारखी वाटली असणार, यात नवल काय? मे २०२५ मध्ये पाकिस्तानविरुद्ध ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, तेव्हा हाटेलात आणि पारावर सूर तोच होता: एकदाचं होऊन जाऊ द्या.

७ मेच्या पहाटे ९ ठिकाणी मारा झाला. आपल्या विमानांनी हद्दही ओलांडली नाही, असं सरकारनं सांगितलं. राफेलच्या वैमानिकाला आता लक्ष्य डोळ्यांनी दिसावं लागत नाही. ब्राह्मोस क्षेपणास्त्र ध्वनीच्या जवळपास तिप्पट वेगानं जातं. इतक्या लांबून लढायचं युद्ध बघणाऱ्यालाही लांबचंच वाटतं. त्यात आपण तर सीमेपासून शेकडो कोस आत. ८ तारखेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर बेचिराख करून टाकलं. सकाळी ते जागेवरच होतं. १० तारखेला गोळीबार थांबला, तेव्हा कित्येकांचा चक्क हिरमोड झाला. ज्यांचं पोरगं सीमेवर होतं, त्यांचा नाही. महिनाअखेरीस संरक्षण दलप्रमुख अनिल चौहान यांनी सिंगापुरात आपलीही विमानं पडल्याचं मान्य केलं. पारावर त्यावर फारसं कुणी बोललं नाही.

(दृश्य: जुनी गढी, वस्तीतली गल्ली)

१९४८ ची गोष्टही १७ सप्टेंबरलाच थांबवायची आपल्याला सवय आहे. विमानं परत गेली, गावात शेजारी उरले. रझाकारांवरचा राग, रझाकारीशी काडीचा संबंध नसलेल्या मुसलमानांवर निघाला. सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं संस्थानात कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. सगळ्यात जास्त होरपळलेल्या चार जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड होते. दुसरे दोन, बीदर आणि गुलबर्गा, अगदी लगतचे.

अहवाल कित्येक दशकं सरकारदरबारीच पडून राहिला. मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत रझाकार येतात, सैन्य येतं. हा आकडा क्वचितच येतो.