आधी नाही, मग हो

मंडळी, जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हे आपण शाळेपासून ऐकतो. ते लोक होते तरी कोण, हे फारसं कुणी विचारत नाही. त्यांच्यातल्या एका पोराबद्दल आज बोलतो. रॉबर्ट गूल्ड शॉ.

एप्रिल १८६१. गुलामी राखायला अमेरिकेतून फुटलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांनी सम्टरचा सरकारी किल्ला पाडला, यादवी युद्ध पेटलं आणि राष्ट्राध्यक्ष लिंकननं ७५,००० स्वयंसेवक मागितले. २३ वर्षांचा शॉ न्यू यॉर्कमध्ये नातलगाच्या पेढीवर कारकुनी करून कंटाळलेला. गेला सातव्या न्यू यॉर्क पलटणीत साधा शिपाई म्हणून. मुदत किती, तर ३० दिवस! सगळं गाव निघालेलं असताना नाव नोंदवायला फार छाती लागत नाही, असं माझं आपलं मत. पुढे तो दुसऱ्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत अधिकारी झाला. विंचेस्टरच्या लढाईत त्याच्यावर आलेली गोळी खिशातल्या घड्याळावर बसली, म्हणून वाचला.

खरी गोष्ट फेब्रुवारी १८६३ची. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू काळ्या सैनिकांची ५४वी पलटण उभी करत होते आणि त्यांना कर्नल हवा होता. शॉचे आईवडील गुलामीचे कट्टर विरोधक. गव्हर्नरांचं पत्र घेऊन वडील स्वतः व्हर्जिनियातल्या छावणीत पोचले. मुलगा म्हणाला, नाही. वडील नकार घेऊन परतले. दोन-तीन दिवसांत मागून तार आली: येतो.

या होकाराचा अर्थ त्याला ठाऊक होता. काळ्या पलटणींचे गोरे अधिकारी हाती लागले तर त्यांना युद्धकैदी न मानता, गुलामांना बंडाला चिथावणारे म्हणून शिक्षा करू, असं दक्षिणेनं जाहीर केलं होतं. आणि स्वतःच्याच फौजेतले लोक हसणार, ते वेगळंच.

पण त्याच्या शिपायांचं बघा. भरतीच्या वेळी महिना १३ डॉलर कबूल केलेले. हातावर टेकवायला काढले १०, त्यातूनही ३ कपड्यांचे कापून. म्हणजे ७. पलटणीनं सांगितलं, मग तुमचा पगारच नको. घरी बायकापोरं उपाशी, आणि हे फुकट लढताहेत! शॉनंही गव्हर्नरांना लिहिलं, पुरता पगार द्या, नाहीतर यांना मोकळं करा. अमेरिकेच्या संसदेनं, म्हणजे तिथल्या काँग्रेसनं, गोऱ्या-काळ्यांचा पगार सारखा केला तो जून १८६४मध्ये.

तोवर शॉ राहिला नव्हता. १८ जुलै १८६३च्या संध्याकाळी, दक्षिणेतल्या चार्ल्सटन शहराजवळ, शत्रूच्या फोर्ट वॅग्नर किल्ल्याच्या वाळूच्या तटावर चढताना तो पडला. वय २५, लग्न होऊन अडीच महिने. शत्रूनं त्याला त्याच्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलं. हिणवायला केलं होतं ते. पुढे प्रेत हलवायची गोष्ट निघाली, तेव्हा वडिलांनी कळवलं, आहे तिथेच राहू द्या.

बॉस्टनला विधानभवनासमोर १८९७ साली स्मारक झालं. मध्ये घोड्यावर शॉ, बाजूनं चालणारे शिपाई. वॅग्नरला पडलेल्या त्या शिपायांची नावं मागच्या बाजूला कोरली गेली १९८२ साली.